गाय पान्हा चोरते तेव्हा धार काढणाऱ्याच्या मनात काय असतं?

तुमचं जनावरांवर प्रेम आहे का, हा प्रश्न गुरं पाळणाऱ्या कुणालाही विचारून बघा, उत्तर ठरलेलं आहे. आहे म्हणजे काय, पोटच्या पोरासारखी सांभाळतो. आणि बहुतेक जण हे खोटं सांगत नसतात. पण म्हणूनच या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही, कारण ज्या गोठ्यात माणूस दिसला की गायी अंग चोरून मागे सरकतात तिथलाही मालक हेच सांगतो आणि ज्या गोठ्यात त्या मान लांब करून हुंगायला येतात तिथलाही हेच सांगतो. ॲनिमल वेल्फेअरवर, म्हणजे जनावरांच्या भल्यावर काम करणाऱ्या संशोधकांच्या हे लवकर लक्षात आलं आणि त्यांनी प्रश्नच बदलला. प्रेमाचं राहू द्या, गाय दारात अडली तर चापट मारल्याशिवाय ती हलत नाही असं तुम्हाला वाटतं का? ओरडल्याशिवाय गायी ऐकत नाहीत असं वाटतं का? तिला माणूस ओळखू येतो असं वाटतं का? असले बारके, रोजच्या कामाला चिकटलेले प्रश्न. गोठ्यात प्रत्यक्षात काय चालतं याचा अंदाज या उत्तरांवरून कितीतरी चांगला येतो.

आधी एक घोळ निस्तरू. वेल्फेअर म्हणजे नेमकं काय यावरच एकमत नसतं, त्यामुळे शेतकरी आणि बाहेरचे लोक भांडतात तेव्हा बऱ्याचदा दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत असतात. कॅनडातले संशोधक डेव्हिड फ्रेझर यांनी याची तीन भागांत चांगली फोड केली आहे. एक, जनावराची तब्येत ठणठणीत आहे का, खातंय का, दूध देतंय का. दोन, त्याला कसं वाटतंय, दुखतंय का, भीती वाटते का, मजा येते का. आणि तीन, त्याच्या जातीच्या स्वभावाप्रमाणे त्याला जगता येतं का, म्हणजे चरणं, कळपात राहणं, वासराला चाटणं वगैरे. गुरं पाळणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्या अर्थावर ठाम उभा असतो. गाय दूध देतेय म्हणजे ती सुखातच आहे, हा त्याचा बिनतोड युक्तिवाद. बाहेरचा माणूस तिसऱ्या अर्थावर, त्याला हिरवं कुरण दिसलं पाहिजे. दोघांचंही अर्धवट बरोबर आहे. जास्त दूध देणारी गाय खुरांच्या दुखण्याने बेजार असू शकते, कारण दूध किती येणार हे जात आणि खुराक यावरच खूपसं ठरतं, आणि कुरणात मोकळी फिरणारी गाय गोचिडांनी पोखरलेली असू शकते.

आता मुद्द्यावर. माणूस मनात जे मानतो ते हातातून कसं उतरतं? यासाठी मानसशास्त्रज्ञ आइझेक अजेन यांची १९९१ सालची एक मांडणी या क्षेत्रात खूप वापरतात. सोप्या भाषेत सांगायचं तर माणूस एखादी गोष्ट करणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: हे केल्याने काय होईल असं त्याला वाटतं, त्याच्या आजूबाजूचे लोक याला काय म्हणतील असं त्याला वाटतं, आणि हे आपल्या हातात आहे असं त्याला वाटतं का. तिन्ही ठिकाणी "वाटतं" आहे हे बघा, खरं काय आहे याचा इथे संबंधच नाही. सगळा खेळ समजुतींचा.

ऑस्ट्रेलियातले संशोधक पॉल हेम्सवर्थ आणि ग्रॅहम कोलमन यांनी ही मांडणी गोठ्यात आणली (सुरुवात डुकरांपासून झाली होती, गायी नंतर आल्या) आणि त्यातून जी साखळी दिसली ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. धार काढणाऱ्याची समजूत अशी की गायी हट्टी असतात, त्यांना धाक लागतो. म्हणून तो जाता येता चापट मारतो, शेपूट पिरगाळतो, ढकलतो, आरडाओरडा करतो. यातलं एकही क्रूरपणा म्हणण्याइतकं मोठं नसतं, त्यालाही आपण काही वाईट करतोय असं वाटत नाही, पण दिवसातून दोनदा, प्रत्येक गायीला, वर्षभर. गायी घाबरायला लागतात. घाबरलेली गाय पुढे यायला कचरते, पार्लरमध्ये, म्हणजे धार काढायच्या जागेत लाथा झाडते, जागेवरच शेण टाकते. मग तो म्हणतो, बघा, मी म्हटलं नव्हतं, हट्टीच आहेत. म्हणजे समजुतीने वागणूक घडवली आणि वागणुकीने त्या समजुतीचा पुरावा तयार करून दिला, चक्र पूर्ण. यात कुणी वाईट माणूस नाहीये, हेच याचं अवघड आहे.

आणि याचा फटका दुधाला बसतो. कासेतलं साधारण ८० टक्के दूध वर बारीक पिशव्यांमध्ये अडकलेलं असतं, ते आपोआप खाली सडात येत नाही. कासेला हात लागला, वासरू दिसलं, ओळखीची धार काढायची वेळ झाली की मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्या पिशव्या आवळल्या जातात आणि पान्हा सुटतो. ऑक्सिटोसिनचा असर काही मिनिटांचाच. याच वेळी गाय दचकली, घाबरली की ॲड्रिनलिन वाढतं आणि पान्ह्यात खोडा पडतो, दूध वरच राहून जातं. यालाच आपण गाय पान्हा चोरते म्हणतो, जणू ती मुद्दाम करते. १९९९ साली जेफ रशेन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, गायींना आधी एका माणसाकडून नीट वागणूक दिली आणि दुसऱ्याकडून त्रासदायक, मग धार काढताना त्यातला एकेक जण नुसता जवळ उभा केला. त्रास देणारा माणूस जवळ असताना धार झाल्यावर कासेत मागे राहिलेलं दूध ७० टक्क्यांनी वाढलं. त्या वेळी त्याने काहीही केलं नव्हतं, फक्त उभा होता.

ऑस्ट्रेलियातच ३१ डेअरी फार्मवर केलेल्या आणि २००० साली छापून आलेल्या अभ्यासात तर एका फार्मपासून दुसऱ्या फार्मपर्यंत दुधात जो फरक होता त्यातला १९ टक्के फरक गायींना माणसाची किती भीती वाटते याच्याशी जुळत होता. अर्थात जुळतो म्हणजे त्याच्यामुळेच झाला असं लगेच म्हणता येत नाही, पण वरची साखळी आणि पान्ह्याचं गणित हाताशी असताना तो आकडा सहज उडवून लावण्यासारखाही नाही.

अजून एक, ओरडण्याबद्दल. बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की आम्ही मारत नाही हो, नुसतं ओरडतो. गायींना वाय आकाराच्या वाटेत सोडून, डावीकडे गेलीस तर एक वागणूक आणि उजवीकडे गेलीस तर दुसरी, असा प्रयोग झालेला आहे. एका बाजूला आरडाओरडा आणि दुसऱ्या बाजूला विजेचा झटका देणारी काठी ठेवली तेव्हा गायींनी दोन्हींत फारसा फरक केला नाही. मला वाटतं ही एकच गोष्ट गोठ्यात पाटी लावून ठेवावी.

माणसाबद्दल गायींचं मत काय आहे हे मोजायची एक साधी पद्धत आहे, युरोपातल्या वेल्फेअर क्वालिटी प्रकल्पात ती नीट बसवली गेली. गायी गव्हाणीवर उभ्या असताना अनोळखी तपासणारा साधारण दोन मीटरवरून समोरून चालत येतो, सेकंदाला एक पाऊल, हात पुढे थोडा तिरका खाली धरलेला, हाताची मागची बाजू गायीकडे, नजर थेट डोळ्यांत नाही, नाकाकडे. गाय मागे सरकली किंवा मान फिरवली की थांबायचं आणि हात ते नाक अंतर मोजायचं. काही गायी हाताला नाक लावू देतात, काही एक मीटरवरच बाजूला होतात. एक गाय बुजरी असू शकते, पण अख्खी दावण मागे सरकली तर तो गायींचा स्वभाव नाही, त्यांच्या मागच्या अनुभवाची नोंद आहे. ऑस्ट्रियात सुझान वाइब्लिंगर यांच्या टीमने छोट्या घरगुती फार्मवर हेच तपासलं आणि तिथेही माणसाच्या समजुती, त्याची वागणूक, गायींचं हे अंतर आणि दूध अशी साखळी दिसली. म्हणजे हे फक्त मोठ्या कारखानी डेअरीचं दुखणं आहे असंही नाही.

ब्रिटनमधल्या न्यूकॅसल युनिव्हर्सिटीचा एक अभ्यास सगळीकडे फिरला होता, ज्या फार्मवर गायींना नावाने हाक मारतात तिथे एका वेतात २५८ लिटर दूध जास्त मिळतं म्हणून. त्याला २००९ चं इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस. हे ५१६ शेतकऱ्यांना प्रश्न विचारून काढलेलं आहे, त्यामुळे नाव ठेवलं की दूध वाढतं असा त्याचा अर्थ काढून उद्यापासून बारसं घालू नका. नाव ठेवणारा माणूस प्रत्येक गाय वेगळी ओळखतो, तिच्याकडे वेगळं लक्ष देतो, आणि काम त्या लक्षाचं असावं हे जास्त पटतं.

आता दुसरा प्रकार, जिथे वागणूक वाईट नसते पण दुखणं डोळ्यांना दिसतच नाही. लंगडणं. २००३ साली ब्रिटनमधल्या ५३ डेअरी फार्मचा एक अभ्यास आला. तुमच्या किती गायी लंगडतात असं शेतकऱ्यांना विचारलं तर सरासरी उत्तर ६ टक्क्यांच्या आसपास, आणि तपासणाऱ्यांनी गायी चालवून बघितल्या तर २२ टक्के. पुढे २०१० मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात लंगडणाऱ्या गायी सरासरी ३६ टक्के निघाल्या आणि तरी १० पैकी ९ शेतकऱ्यांना आपल्याकडे हा मोठा प्रश्न वाटत नव्हता. हे वाचून पहिल्यांदा वाटतं की लोक लपवतायत. तसं नाहीये. तपासणारा गाय कशी बघतो ते बघा: ती उभी असताना पाठ सपाट आहे का, चालायला लागली की पाठीला कमान येते का, पाऊल टाकताना डोकं खाली झुकतं का, पावलं आखूड पडतात का. उभी असताना पाठ सपाट आणि चालताना कमानदार, इथेच गडबड सुरू झालेली असते. शेतकऱ्याच्या लेखी लंगडी गाय म्हणजे पाय उचलून धरणारी, कळपाच्या मागे पडणारी. त्याच्या आधीच्या अवस्थेला त्याच्याकडे वेगळाच शब्द असतो, जरा हळू चालते, थोडी अवघडली आहे. आणि रोज तीच गाय बघितली की हळू चालणं हेच तिचं नॉर्मल होऊन जातं, घरातल्या भिंतीला हळूहळू आलेली ओल जशी घरच्यांना दिसत नाही आणि पाहुण्याला आल्या आल्या दिसते. त्यात खूर बघायचा तर गाय बांधायची, पाय वर घ्यायचा, वेळ काढायचा, तेवढ्यात दुसरं काम निघतं. मग "बघू उद्या". इथे अजेनची तिसरी गोष्ट आली, हे माझ्या हातात आहे का. माहिती असते, इच्छा पण असते, दिवस पुरत नाही.

बसण्याच्या जागेचंही तसंच आहे. गाय दिवसातले १० ते १४ तास बसून काढते, रवंथ करते. कॅनडातल्या एका प्रयोगात कोरड्या भुश्श्यावर गायी जवळपास १४ तास बसल्या आणि ओल्या भुश्श्यावर ९ तासांच्याही आत. म्हणजे जवळपास ५ तास जास्त उभ्या, आणि उभं राहणं वाढलं की भार खुरांवर. उभी गाय बघून कुणाला वाटत नाही की हिला त्रास होतोय, उलट गोठ्यात सगळ्या उभ्या दिसल्या की कसं जिवंत वाटतं.

दुखण्याबद्दलच्या समजुती हा वेगळाच कप्पा. वासराची शिंगकळी तापलेल्या सळईने जाळताना दुखतं हे सगळेच मान्य करतात, वासरू झटापट करतं, दिसतंच. पण बहुतेकांना वाटतं की जाळलं, सोडलं, वासरू दूध प्यायला लागलं, संपलं. प्रत्यक्षात भूल न देता केलं तर त्रास पुढे तासन् तास चालतो. आणि शिंगाच्या नसेजवळ भुलीचं इंजेक्शन दिलं तरी त्याचा असर साधारण दोनेक तासांत उतरतो आणि मग दुखायला लागतं, वासरू डोकं झटकतं, कान फडफडवतं, खांबाला घासतं, आणि तोपर्यंत माणूस तिथून निघून गेलेला असतो. म्हणून भुलीबरोबर दुखणं आणि सूज कमी करणारं औषध द्यायला सांगतात, ते बराच जास्त वेळ टिकतं. नॉर्वेत २०१० साली शेतकऱ्यांच्या सहानुभूतीवर एक अभ्यास झाला होता, जनावरांना माणसासारखंच दुखतं या वाक्याशी सहमत असलेल्यांच्या कळपात गायींच्या कातडीवर जखमा कमी दिसल्या. मला यातली रांग उलटी असण्याचीही शक्यता दिसते, ज्याला बरी जागा बांधणं परवडलंय त्याला हे मान्य करणं सोपं जातं. ज्याला काहीच बदलता येत नाही त्याने रोज "हिला दुखतंय" असं मनात घेऊन कसं जगायचं?

हे सोपं नाहीये, आणि इथे मला शेतकऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. स्कॉटलंडमधल्या समाजशास्त्रज्ञ रोडा विल्की यांनी गुरं पाळणाऱ्यांबरोबर राहून याचं फार छान वर्णन केलंय. माणूस जनावराला जीव लावतोही आणि ते विकायचंय, कापायला जायचंय हेही त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून तो काळजी घेतो पण एका अंतरावरून. पैदाशीची गाय वर्षानुवर्षं जवळ असते तिच्याशी नातं दाट, मांसासाठी वाढवायच्या गुरांशी पातळ, आणि ती गुरं कळपाने असतात, नंबरने असतात. आजारी पडून हाताने सांभाळावं लागलेलं जनावर अचानक कळपातून वेगळं होतं आणि मग त्याला पाठवणं जड जातं. बाहेरच्याला हे ढोंग वाटतं. मला वाटत नाही.

वासरू गायीपासून लगेच तोडायचं की काही दिवस ठेवायचं हा असाच एक वाद आहे जिथे समोरचा अडाणी आहे असं समजून चालत नाही. डेअरीवाले म्हणतात, लगेच तोडलं तर दोघांना कमी त्रास होतो आणि चीक किती पाजला ते कळतं. पहिला भाग खरा आहे, जितके दिवस एकत्र राहिले तितकं नंतर तोडताना हंबरणं जास्त. पण एकत्र ठेवलेलं वासरू दूध जास्त पितं, वजन चांगलं धरतं हेही खरं आहे. तोडतानाचा त्रास मोजायचा की एकत्र असतानाचं सुख मोजायचं, हे विज्ञान एकटं ठरवू शकत नाही, तिथे तुम्ही वेल्फेअरचा कुठला अर्थ धरता ते ठरवतं.

आणि जिथे जनावरं खरोखर उपाशी, घाणीत, मरायला टेकलेली सापडतात तिथे? आयर्लंडमध्ये अशा प्रकरणांचा अभ्यास झाला तेव्हा मागे बऱ्याचदा माणसाचीच पडझड सापडली, डिप्रेशन, एकटेपणा, म्हातारपण, दारू, घरातलं कुणी गेलेलं. अशा माणसाची मतं बदलून काही होत नाही, त्याला आधी मदत लागते. तिथे म्हणूनच आधी सावध करणारी व्यवस्था उभारली गेली, ज्यात शेतकऱ्यांची संघटना आणि सरकारी पशुवैद्यक एकत्र येऊन दंडाच्या आधी माणसापर्यंत पोचायला बघतात.

बाकीच्यांच्या बाबतीत मग काय चालतं? भाषण चालत नाही एवढं नक्की. हेम्सवर्थ आणि कोलमन यांच्या कामातून पुढे प्रोहॅण्ड नावाचं ट्रेनिंग आलं, त्यात "जनावरांवर दया करा" असं काही नसतं. नेमकी एकेक समजूत पकडतात, चापट मारल्याने गाय लवकर हलते असं वाटतं ना, मग हे बघा, घाबरलेल्या गायी पार्लरमध्ये यायला किती वेळ लावतात. मग जुनी सवय परत कशी डोकं वर काढते, उशीर झाला की, अंग दुखत असलं की, सहकारी चिडवायला लागला की, त्याची आधीच तयारी करून घेतात. ट्रेनिंग घेतलेल्या फार्मवर माणसांची वागणूक सुधारली, गायींची भीती कमी झाली, दुधातही सुधारणा दिसली. डेन्मार्कमध्ये दुसरा रस्ता वापरला गेला, पाचसहा शेतकरी एकमेकांच्या गोठ्यात आळीपाळीने जातात, जो यजमान तोच काय चांगलं चाललंय आणि कुठे अडलंय ते सांगतो, बाकीचे सुचवतात, तज्ज्ञ शिकवत नाही, फक्त गाडी रुळावर ठेवतो. कॅनडात शेतकऱ्यांना त्यांच्याच कळपाचे लंगडण्याचे, जखमांचे आकडे शेजारच्या फार्मच्या आकड्यांशेजारी ठेवून दिले, नाव न सांगता. आपण खालून तिसरे आहोत हे कळल्यावर माणूस जे करतो ते दहा व्याख्यानांनी करत नाही.

यातलं बहुतेक संशोधन मात्र अशा गोठ्यांवर झालंय जिथे माणूस दिवसातून दोनदा प्रत्येक गायीला हात लावत होता. रोबोट धार काढायला लागल्यावर तो हात निघून जातो. चापटा थांबतात, पण मानेखाली खाजवणंही थांबतं, आणि व्हिएन्नातल्या प्रयोगांत गायी सगळ्यात जास्त सैलावतात ते तिथेच खाजवल्यावर, शिवाय रेकॉर्ड केलेल्या आवाजापेक्षा समोर उभं राहून बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाने. उरतो तो माणूस फक्त इंजेक्शन द्यायला, खूर कापायला आणि आजारी गाय वेगळी काढायला येणारा. अशा फार्मवर गायीला माणूस म्हणजे काय वाटणार हे ठरवायला आता त्याच्याकडे फार थोडे प्रसंग शिल्लक आहेत, आणि त्यातले बहुतेक सुईचे आहेत.